अण्णांचं स्वतःचं गाऱ्हाणं

‘‘थांब गो, देवाला घाईत सांगू नये,’’ म्हणत अण्णा टोपी नीट करायचे, खाकरायचे आणि मगच गाऱ्हाणं घालायचे. रत्नागिरीतल्या आमच्या वाडीत नवी रिक्षा येवो की कुणाचा मुलगा बोटीवर जावो, नारळ ठेवला की देवाशी बोलायला माझ्या शेजारचे हे अण्णाच लागत. माझ्या वास्तुशांतीला त्यांनी सुखसमृद्धी मागितलीच, वर ‘‘हिच्या नळाला पाणी पण येऊ दे’’ असंही सुनावलं. देवाने ते अजून मनावर घेतलेलं नाही.

मग मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. विसरणं वाढलं. एका लग्नघरी त्यांनी केव्हाच वारलेल्या आजोबांना उदंड आयुष्य मागितलं. लोक हसले. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि बोलावत नाहीत हे मात्र त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं.

ते पडवीत भिंतीकडे तोंड करून बसू लागले. बांगड्याचं सार वाढलं तरी ताट दूर सारायचे. पहाटे रडायचे. मी त्यांच्या मुलाला म्हटलं, हे नुसतं विसरणं नव्हे, डॉक्टरांना सांग. तो म्हणाला, ‘‘काकी, त्यांना आता काय कळतंय?’’ शेजारीपाजारी तर त्याहून शहाणे. विसरतात ते बरंच, म्हणे, दुःखही विसरत असतील. संताप यायचा मला. माणूस समोर बसून रडतोय आणि हे त्याला भाग्यवान ठरवताहेत.

शिमग्यात पालखी त्यांच्या दारी आली. गाऱ्हाणं घालायला आता दुसराच होता. त्याने देवाकडे अण्णांची आठवण परत मागितली. प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं, तसं सगळे म्हणाले. तेवढ्यात कित्येक दिवस गप्प असलेले अण्णा बोलले.

‘‘आठवण नको मागू. मला जगावंसं वाटत नाय, तेवढं सांग.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ सवयीने सगळे म्हणाले, आणि ढोल वाजायला लागले.

मुलगा तर खूश. बाबा बोलले, म्हणून सांगत सुटला. काय बोलले, ते एकानेही विचारलं नाही. शेवटी मीच अण्णांच्या सुनेला बरोबर घेऊन त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात नैराश्य पुष्कळदा येतं, त्यावर उपचार असतात, इतके दिवस का थांबलात? औषध सुरू झालं, रोज कुणीतरी शेजारी बसू लागलं. हळूहळू ते जेवू लागले, भिंत सोडून रस्त्याकडे बघू लागले.

पावसाळ्यात मेंदूचा मोठा झटका आला आणि ते गेले. भेटायला आलेले सगळे म्हणत होते, सुटले बिचारे. आत्ता कुठे माणूस जेवायला लागला होता, तो कशातून सुटला, असं मी विचारलं. सगळे आपापल्या चपला शोधू लागले.