माझा घसा बसला आणि श्रावणी ओरडली

शनिवारी सकाळी उठले तर घशातून आवाजच नाही. नुसती हवा... सातपूरला माझी भाजीची गाडी आहे. अर्धी भाजी तर माझ्या ओरडण्यावर खपते. त्यात शनिवारची संध्याकाळ, कंपन्या सुटल्या की गाडीपाशी पाय ठेवायला जागा नसते.

नवरा सेकंड शिफ्टला. राहिली कोण, तर माझी पोरगी श्रावणी. पाचवीला आहे. कोणी नाव विचारलं की माझ्या पदराआड जाते. मला कुठला धीर! मीच सांगून मोकळी होते, "श्रावणी नाव आहे, पाचवीला आहे, मुकी आहे जरा." लोक हसतात. मीपण हसायचे.

संध्याकाळी गाडीवर तिला खुणेनं सांगितलं, आज तू ओरड. पोरीचं तोंड एवढंसं झालं. अर्धा तास नुसती वांगी पुसत बसली. समोरच्या गाडीवर गर्दी आणि माझी मेथी सुकत चाललेली... एरवी चार शब्द सुनावले असते. पण सुनावायला आवाज नको का?

तेवढ्यात आमच्या नेहमीच्या एक काकू आल्या. त्यांची सवय म्हणजे एकेका भेंडीचं टोक मोडून बघायचं आणि मोडलेली परत आमच्याच ढिगात टाकायची. मी एवढी तोंडाळ, पण रोजचं गिऱ्हाईक म्हणून गप्प बसते.

सात-आठ भेंड्या मोडून झाल्या, आणि माझ्या शेजारून आवाज आला, "काकू, मोडलेल्या सगळ्या तुमच्याच पावशेरात येणार हं."

वळून बघते तर श्रावणी!

काकू गडबडल्या. मला म्हणाल्या, "अगं बाई, ही मुकी ना तुमची?"

"मुकी नाहीये मी," पोरगी म्हणाली. "मम्मी मध्येच बोलते. मग माझा नंबरच येत नाही."

सगळे खो खो हसले. काकूसुद्धा. मोडलेल्या भेंड्या निमूट पिशवीत घेऊन गेल्या. मी मात्र रिकाम्या क्रेटवर खाली बसले... बोलायला आवाज नव्हता तेच बरं.

मग पोरीनं जी आरोळी ठोकली! "मेथीऽऽ घ्या मेथी, हिरवीगार मेथी!" समोरचे गाडीवाले भाऊ कांदे तोलायचे थांबले. दिवे लागायच्या आत मेथीची एक जुडी उरली नाही.

आता घसा मोकळा झालाय. काल एका नवीन बाईनं तिला विचारलं, "नाव काय गं तुझं?" उत्तर माझ्या ओठांवर आलंच होतं. पटकन गाजराचा तुकडा तोंडात कोंबला.

"श्रावणी," ती म्हणाली. मान वर करून. "ताई, मेथी देऊ? आजची आहे."

बायांनो, लेकीला आपण चारचौघांत काय म्हणतो ते जरा ऐकत जा. मला तर घसा बसल्यावरच ऐकू आलं... त्या घशाचे उपकार मी विसरणार नाही.