कमी फटके मारणारा जिंकतो

आबांशी बोलायचं तर ओरडायचं, नाहीतर हात हलवायचे. खानदेशातलं गाव सोडून ते सुरतेला आले तेव्हा त्यांचे कान चांगले तिखट होते म्हणे. उधन्याच्या मिलमध्ये मागावर पंधरा वर्षं उभे राहिले आणि त्या खडखडाटात कान गेले. माग चालू असताना मिलमध्ये सगळे हातांनीच बोलतात. धागा तुटला, मुकादम आला, चहाला चल, माग चालू ठेव, प्रत्येकाची खूण ठरलेली. ती भाषा आबांनी घरी आणली आणि आम्ही भावंडं ती पाळण्यातच शिकलो असू.

एक खोली, पाच माणसं. माय दिवसभर दारात रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. सुताची कुसं भाकरीवर बसायची, अंथरुणात शिरायची, माझ्या इंग्रजीच्या पुस्तकाचं पान उलटलं की उडायची. एका वर्षी मिल चार महिने बंद पडली. ते चार महिने आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा यावर काढले आणि त्याच वर्षी मी मॅट्रिक पास झाले. या दोन्ही गोष्टी मी आजही सारख्याच अभिमानाने सांगते.

कॉलेजात जाणारी आमच्या चाळीतली मी पहिली. आमच्या घरात तर शाळा पुरी करणारीही पहिलीच. सकाळी वह्या घेऊन नळापुढून निघाले की हंड्यांच्या रांगेतून हमखास आवाज यायचा, "सरका व, कलेक्टरीण उनी!" मी मान ताठ ठेवून जायची. मला राग येत नसे. खरं सांगायचं तर आवडायचं.

दुसरं वर्ष संपून तिसरं सुरू झालं आणि आबांनी मला समोर बसवलं. मागावरून काढून त्यांना घडी खात्यात टाकलं होतं. तयार कापडाचे तागे तपासायचे, घड्या घालायच्या. कांड्या भरायच्या वाइंडिंग खात्यात बायकांच्या जागा निघत होत्या आणि मुकादमाने माझ्यासाठी एक जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती.

"तुनं इंग्रजी कोन इचारस?" आबा म्हणाले. कान गेलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे हे अख्ख्या चाळीने ऐकलं. "दिवाळी लगून एक मानूस दखाड, जो म्हनस, माले हाई पोर पाहिजे, तिना इंग्रजीसाठे. मंग शिक."

म्हणजे माझ्या इंग्रजीसाठी मी हवी असं म्हणणारा एक माणूस दिवाळीपर्यंत दाखवायचा, नाहीतर मिल. आबा वाईट नव्हते. दोन धाकटे भाऊ होते, मायची कंबर गेली होती. पण दिवाळीला तीन महिनेही नव्हते.

त्या पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला. तो ओसरून थोडे दिवस झाले असतील, आमच्या इंग्रजीच्या सरांनी मला वर्गाबाहेर थांबवलं. नानपुऱ्यात एक म्हातारे पारशी गृहस्थ आहेत, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही, त्यांना वाचून दाखवायला आणि लिहून घ्यायला स्वच्छ अक्षराचं कोणीतरी हवं आहे. जाशील का? मी जाते म्हणण्याआधीच निघाले होते.

घराच्या भिंतीवर पुराची ओल अजून कमरेइतकी उंच दिसत होती. म्हातारबुवा व्हरांड्यात बसले होते. हातात एक विचित्र काठी, खाली लोखंडाचं बोंड असलेली. मी "साहेब" म्हणाले तर खेकसले, "साहेब गेले विलायतेला. काका म्हण." ते गुजरातीत बोलत, मध्येच इंग्रजीत शिरत. मी इथे बहुतेक मराठीतच सांगते.

काम असं होतं. काकांनी कलकत्त्याला एका कंपनीत तीस वर्षं नोकरी केली. तिथे इंग्रजांच्या काळापासून देशाची गोल्फची मोठी स्पर्धा भरे. काका दर वर्षी तिला हजर असत. स्वतः खेळत, आणि स्वतःच सांगत, दर वर्षी हरत. मागच्या सालांची माहितीही त्यांनी जुन्या लोकांकडून गोळा केली होती. आता तिथल्या मंडळाला स्पर्धेचा इतिहास छापायचा होता. मंडळाचे स्वतःचे कागद वाळवीने खाल्ले होते. त्यांनी काकांना पत्र लिहिलं होतं की दसऱ्यापर्यंत मजकूर पाठवा.

काकांनी एक जाडजूड वही माझ्यापुढे ठेवली. दर सालाला एक पान. पानावर शेवटपर्यंत टिकलेल्या चार-पाच खेळाडूंची नावं, ज्याचा डाव आधी संपला त्याचं आधी, आणि प्रत्येकापुढे आकडा. जिंकलेल्याच्या नावाखाली काका लाल शाईने रेघ मारत. वही पुरात भिजली. निळी-काळी शाई तशीच राहिली, लाल मात्र सगळी धुऊन निघाली. पानं फिकट गुलाबी झाली होती, रेघ एकही नव्हती.

"आकडे आहेत ना?" काका म्हणाले. "आकड्यांवरून कळेलच."

मी म्हटलं, "हो, कळेल."

गोल्फ म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. सुरतेत मी पतंग पाहिले होते, क्रिकेट पाहिलं होतं, पण हे नाव ऐकलेलंही नव्हतं. विचारायची लाज वाटली. विचारलं तर म्हणतील, हिला काय येतं, दुसरी आणा. वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजीत "स्ट्रोक्स" असा शब्द दिसला, म्हणजे आकडे फटक्यांचे एवढं मला समजलं. बस. ज्याने जास्त फटके मारले, तो जिंकला. यात विचारायचं काय?

दोन आठवडे मी झपाटल्यासारखी लिहीत होते. कॉलेज सुटलं की थेट नानपुरा. पाठ केलेली सगळी इंग्रजी विशेषणं मी त्या विजेत्यांवर उधळली. अमुक कॅप्टनने प्रचंड आकडा उभारून सर्वांना मागे टाकलं. तमुक साहेबाचा आकडा पाहून प्रेक्षक थक्क झाले. स्वतःचंच लिहिणं वाचून मला हुरूप येत होता.

मग एका संध्याकाळी मी काकांना ते वाचून दाखवलं. पहिल्या सालाला त्यांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्याला मान कलती केली. पाचव्या सालाशी ते काठी आपटून इतके हसायला लागले की त्यांना ठसका लागला.

"अरे डीकरी! तें तो बधा हारेलाने जिताडी दीधा!"

हरलेले सगळे मी जिंकवून टाकले होते. एकही सुटला नव्हता.

मला वाइंडिंग खातं दिसायला लागलं. काकांनी विचारलं, "पण तुला वाटलं कसं असं?" मी खरं ते सांगितलं. आमच्या घरी जो जास्त मीटर कापड काढतो तो मोठा. माय जास्त कांड्या भरते तेव्हा तिचं कौतुक होतं. कमी करून कोणी जिंकतं हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आबांची दिवाळीची अटही त्याच झटक्यात सांगून टाकली.

काका हसायचे थांबले. उठले, चाचपडत आत गेले, एक पितळी पेला आणून व्हरांड्याच्या टोकाला आडवा ठेवला. खिशातून पांढरा चेंडू काढला. काठी माझ्या हातात दिली. "घाल आत." मी मारला तो भिंतीला गेला. मग खांबाला. मग पेल्याला वळसा घालून पुढे. सातव्या फटक्याला एकदाचा आत गेला. मग त्यांनी काठी घेतली. पेला कुठे आहे हे त्यांनी पायाने चाचपून पाहिलं, मागे आले, आणि तीन फटक्यांत टण्ण!

"कोण जिंकलं?"

"तुम्ही."

"जास्त कोणी मारले?"

मी इतक्या जोरात "अय्या!" केलं की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली.

"चूक झाली याचं काही नाही," काका म्हणाले. "विचारलं नाहीस, ती तुझी चूक. आता दसऱ्याला सहा दिवस आहेत. उद्या ये."

ते सहा दिवस मी विसरणार नाही. आता प्रत्येक पान म्हणजे सामना होता. मी आकडे वाचायची, काका त्या दिवशीचा वारा, चिखल, कोणाचा चेंडू तळ्यात गेला ते सांगायचे, आणि मी सगळ्यात कमी आकड्यावर बोट ठेवून ओरडायची, "हा!" सालामागून साल साहेबांचीच नावं. कॅप्टन, कर्नल, चहाच्या मळ्यांचे मॅनेजर. मी वाट पाहत होते की आपला माणूस कधी येतो. आणि एका पानावर तो आला. आपल्याकडचं नाव, एका साहेबाच्या शेजारी. दोघांचा आकडा अगदी सारखा.

"ते साल," काका म्हणाले आणि त्यांनी काठी बाजूला ठेवली.

दोघांचा पुन्हा सामना दुसऱ्या दिवशी झाला होता. नेमके त्याच दिवशी काका मलेरियाने पडून होते. निकाल मित्राने सांगितला, यांनी लाल रेघ मारली. "मला वाटतं आपलाच जिंकला. पण मंडळाचं पत्र म्हणतं, आपला माणूस पहिल्यांदा जिंकला तो त्यानंतर बऱ्याच सालांनी. माझं वय झालं. मला वाटतं म्हणून मी छापणार नाही. रिकामं सोड."

मला ते रिकामं सोडवेना. मी वही एक दिवस घरी मागितली. काकांनी ती स्वतःच्या हाताने मेणकापडात बांधली. "ही गेली तर मी गेलो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिलला सुटी होती. मी दारात उजेडाला पान तिरपं धरून बसले होते. आबांनी हाताने विचारलं, काय? मी ओरडून गोल्फ समजावला. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनाही समजला.

"कमी मारस तो जितस?" आबा म्हणाले. "मंग तं आमना खातामा आळशीच जितस!" माय रहाट थांबवून हसली.

मग मी रेघेचं सांगितलं. लाल शाईची होती, धुऊन गेली. आबांनी हात धुतले, धोतराला पुसले, वही मांडीवर घेतली आणि पान उलटं केलं. कापडाचा दोष ते असाच शोधत, मागच्या बाजूने, डोळे मिटून, बोटांनी. शाई गेली होती, पण रेघ ओढताना टाक कागदावर जोराने दाबून चालला होता. त्याचा वळ मागे उठला असणार, हे मला सुचलं नव्हतं. आबांना ते सांगावं लागलं नाही.

त्यांचं बोट सरकलं, थांबलं, परत मागे आलं. त्यांनी दोन बोटं हवेत फिरवली. मिलमधली खूण: धागा सापडला.

मी लगेच पान उलटलं नाही. आधी खात्रीसाठी दुसरी पानं दिली. आबांना इंग्रजी अक्षर किंवा आकडा काहीच ओळखता येत नव्हतं. त्यांनी मागून बोट ठेवायचं, मी पुढून बघायचं. सगळ्यात कमी आकडा. दुसरं पान. सगळ्यात कमी. सात पानं, सातही बरोबर! मग ते साल पुन्हा दिलं. बोट तिथेच थांबलं. मी पान उलटलं.

"आपला!" मी किंचाळले. "आबा, आपला माणूस जिंकना!"

चाळ गोळा झाली. कोण जिंकलं, कुठे जिंकलं, कशात जिंकलं कोणाला ठाऊक नव्हतं, तरी सगळे खूश. नळावरच्या एका बाईने विचारलंही, "लॉटरी लागनी का व?"

आबा धुतलेला सदरा घालून माझ्याबरोबर नानपुऱ्याला आले. एकाला दिसत नव्हतं, एकाला ऐकू येत नव्हतं. आबांनी काकांचं बोट धरलं आणि पानाच्या मागून त्या वळावर ठेवलं. काकांनी ते वळावरून फिरवलं, मी पुढून नाव वाचलं. मग मला म्हणाले, "लिही." मी लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही.

निघताना काका आबांना म्हणाले, "मला अजून पुष्कळ लिहायचं आहे. मला ही मुलगी हवी, तिच्या इंग्रजीसाठी."

आबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे मलाच ओरडून सांगायचं होतं. मी ओरडले, "आबा, ते म्हनतस, त्यास्ले हाई पोर पाहिजे! तिना इंग्रजीसाठे!" नानपुऱ्याच्या त्या शांत गल्लीत दहा घरांना तरी ऐकू गेलं असेल.

आबांनी तळहात पुढे धरून दोनदा हलवला. माग चालू ठेव.

मजकूर दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोस्टात पडला. हिवाळ्यात पुस्तिका छापून आली. त्या सालापुढे आपल्या माणसाचं नाव आहे आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, लिहून घेणारी म्हणून माझं. वाइंडिंग खात्यातली ती जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली. दोन वर्षांनी मी इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झाले.