वाइंडिंगवाले काका आणि मशीनचा सातबारा

देवानं कधी हे जग बंद पाडलंच, तर ते परत चालू करून घ्यायला त्याला जालन्यातच यावं लागेल आणि मस्तगडातल्या वाइंडिंगवाल्या काकांच्या दुकानासमोर रांगेत उभं राहावं लागेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. काका त्यालाही स्टुलावर बसवतील आणि जळालेल्या मोटारी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना विचारतात तेच विचारतील, "बंद पडायच्या आधी काय केल्तं?" देव म्हणेल, काहीच नाही. काका म्हणतील, "समदे असंच म्हणतेत."

काका मूळचे टेंभुर्णीचे. शेती भावाकडं सोपवून ते शहरात विहिरीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला बसले, त्याला तीस वर्षं झाली असतील. पण मोटारीला ते लगेच हात लावत नसत. आधी माणसाला बोलतं करत. एकदा जाफराबादकडचा एक गडी शपथेवर सांगत होता की मोटार आपोआप जळाली. काकांनी त्याला सकाळपासून बसवून घेतलं, दोनदा चहा पाजला, सोयरिकीपर्यंत चौकशी केली, आणि दुपारी कुठं त्या बिचाऱ्याच्या तोंडून निघालं की स्टार्टरच्या डब्यावर ओलं धोतर वाळत घातलं होतं. "मोटार खोलायच्या आधी माणूस खोलावा लागतो," काका मला म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घरचा मिक्सर मात्र दोन वर्षं बंद होता, कारण काकूंनी असला जबाब द्यायला साफ नकार दिला होता.

अशा माणसाला पन्नाशीत कॉम्प्युटरचं वेड लागलं. कुठल्याशा ऑफिसनं भंगारात काढलेला डबा त्यांनी उचलून आणला, स्टेशनवरच्या स्टॉलमधून मासिकाबरोबर मिळणारी, कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सची चकती घेतली, आणि तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांमध्ये जागा करून तो मांडला. शिकवायला कुणी नव्हतं. मग ते आपणच एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवायचे आणि तो काय म्हणतो ते वहीत उतरवून घ्यायचे. इंग्रजी अक्षर न अक्षर, रांगोळी काढावी तसं. "बाकीचे मुकाट्यानं मरतेत," ते म्हणायचे. "हे लिनक्स शरीफ हाय. का मेलो ते सांगून मरतं."

मी त्यांच्या समोरच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला होतो. माझं गाव भंडाऱ्याकडं. शाळा आठवीतच सुटलेली. कॉम्प्युटरवर बोटं चालायला लागली तेवढ्या जोरावर इतक्या लांब आलो होतो. तिकडं बायको गावभर सांगत होती की आमचे हे ऑपरेटर आहेत, आणि इकडं मी दर सकाळी ते मशीन चालू होईस्तोवर श्वास रोखून बसत होतो. मालकांच्या भाच्यानं पुण्याहून येऊन त्यात लिनक्स आणि पत्रिका मांडायचा प्रोग्राम टाकून दिला होता आणि तो परदेशी निघून गेला होता. म्हणजे बिघडलं तर विचारायला कुणी नाही.

आणि ते बिघडलं. दिवाळीचा पाडवा झाला, दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रामच्या चित्रावर दाबलं, गोल चक्र फिरलं, आणि नाहीसं झालं. परत दाबलं, परत तेच. मशीन चालू, बाकी सगळं चालू, फक्त तो प्रोग्राम उघडेना. मी बंद-चालू केलं. अगरबत्तीही लावली. तुळशीचं लग्न तोंडावर, आणि सगळ्या पत्रिका आत.

मालक म्हणाले, "भंडारेकर, काय केलं तुम्ही?"

"काहीच नाही, शेठ."

"उद्या दुपारी औरंगाबादचा माणूस येऊन राह्यला. तो समदं पुसून नवं टाकतो म्हणतो. पत्रिका गेल्या तर तुम्ही तुमची पेटी भरा. मला शिकलेला माणूस पाह्यजे."

रात्रभर मी मनातल्या मनात भंडाऱ्याच्या गाडीत बसत होतो आणि उतरल्यावर बायकोला काय सांगायचं ते जुळवत होतो. सकाळी काकांचं शटर वर जायच्या आधीच मी तिथं उभा.

काका माझ्याबरोबर छापखान्यात आले. मशीनला हात लावला नाही, त्या चित्राकडं तर ढुंकूनही पाहिलं नाही. "त्याच्यावर दाबलं की त्याचं वरडणं कुणाला ऐकूच येत न्हाई," म्हणाले. मला हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावली आणि प्रोग्रामचं नाव त्यात हातानं टाइप करायला लावलं. दोन ओळी उमटल्या.

"वाच."

"काका, मला इंग्रजी येत नाही."

"अक्षरं येतेत ना? मंग? मलाबी तेवढंच येतंय."

मी वाचू लागलो. पी, ई, आर, एम... काका डोळे मिटून ऐकत होते, मोटारीचा आवाज ऐकावा तसे. "परमिशन डिनाइड," ते खुशीत म्हणाले. "परवानगी न्हाई म्हणतंय. पुढं फायलीचं नाव हाय. आता तिचा सातबारा काढू."

त्यांनी सांगितलेली ओळ मी टाइप केली. माझ्या घरातली, म्हणजे माझ्या नावाच्या फोल्डरमधली ती फाइल, आणि तिच्यापुढं मालक म्हणून माझं नावच नाही. तिथं मशीनच्या बड्या मालकाचं नाव, ज्याचा पासवर्ड फक्त शेठकडं होता.

"आता बोल. पाडव्याला काय केल्तं?"

तेव्हा मला आठवलं. पाडव्याचा मुहूर्त. पहिलं काम मालकांच्याच हातानं आणि मालकांच्याच नावानं व्हावं, म्हणून शेठनी मला, मशीन माझ्या नावानं चालू असतानाच, त्यांच्या पासवर्डनं प्रोग्राम उघडायचा रस्ता काढायला लावला होता. तशा बड्या नावानं प्रोग्राम उघडून त्यांनी 'श्री' लिहिलं, हळदकुंकू वाहिलं आणि बंद केलं. तेवढ्यात प्रोग्रामनं आपली फाइल त्या नावावर करून घेतली होती. मग माझ्या नावानं ती कशी उघडणार?

मालक केव्हाचे येऊन दारातच उभे होते. त्यांचा चेहरा लाल होत चालला. मालकाची चूक नोकरासमोर निघाली की बहुतेक वेळा नोकरच निघतो.

काका शांतपणे उठले. "शेठजी, मशीन तुमची बिलकुल वफादार हाय. तुमचा हात लागला, मंग दुसऱ्या कुणाला शिवू देत न्हाई. एक फेरफार करावा लागंल. तुमची परवानगी पाह्यजे."

शेठ छाती फुगवून पुढं आले आणि पासवर्ड घातला. काकांनी एक ओळ सांगितली, मी ती टाइप केली, फाइल माझ्या नावावर चढली, आणि प्रोग्राम असा उघडला की जणू काही झालंच नव्हतं. सगळ्या पत्रिका जिथल्या तिथं.

"मग काय," शेठ मला म्हणाले, "बसलात का? तुळशीचं लग्न थांबणार हाय का?" त्यांनी स्वतः औरंगाबादला फोन लावून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी काकांच्या मागं धावलो. "काका, तुम्ही नसता तर..."

"मी काय केलं?" ते म्हणाले. "मी तर हातबी लावला न्हाई. समदं तूच टाइप केलं. तूच वाचलं."

चार वर्षांनी काका लेकीकडं हैदराबादला गेले, ते तिकडंच राहिले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. त्या दिवशी त्यांनी मशीनला हात लावला नाही तो सवयीनं, की मला कमीपणा येऊ नये म्हणून, हे विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तरी त्यांनी आधी मलाच स्टुलावर बसवलं असतं.