कपाटातली कुंडी

आमच्या विज्ञानाच्या बाईंइतकी घाबरट बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. मी शाळेतली मावशी. घंटा देते, फळे पुसते, त्यामुळे सगळ्यांचे गुण मला पाठ. या बाई वर्गात शिरण्याआधी वर बघतात, पंखा पडणार तर नाही ना! मुलांच्या हातात कर्कटक दिलं तरी यांचा जीव वरखाली.

पूर्वी अशा नव्हत्या हो. एकदा सातवीला प्रयोग दाखवताना स्पिरिटचा भडका उडाला आणि एका मुलीच्या वेणीचं टोक जळालं. बाईंनी ते तळहातानं विझवलं. मुलगी दुसऱ्या दिवशी नवी रिबीन बांधून नाचत आली, बाईंनी मात्र जो धसका घेतला तो घेतलाच. तेव्हापासून सगळं विज्ञान फळ्यावर. बर्नर खडूचा, ज्योतही खडूची. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वैतागल्या. "एवढी सुरेख चित्रं काढता, तर चित्रकलाच घ्या ना! शुक्रवारी मी वर्गात बसते. प्रयोग स्वतःच्या हातानं करून दाखवा, नाहीतर विज्ञान गणिताच्या सरांकडे."

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. विज्ञान म्हणजे त्यांचा प्राण. डबा खाताना शेंगदाणा उकलून मला आतला कोंब दाखवतात. मी जेवू की बघू!

प्रयोग होता पानाचा. कुंडी आधी अंधारात ठेवायची, म्हणजे पानातलं पिष्ट संपतं. मग उन्हात ठेवायची, की झाड नवं पिष्ट तयार करतं. नंतर पान उकळायचं, गरम स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा आणि वर आयोडीन टाकायचं. निळंकाळं झालं, तर पिष्ट आहे.

कपाटातली कुंडी गुरुवारी सकाळी खिडकीत आली. पण बाईंचा जीव थाऱ्यावर असेल तर ना! मैदानातून चेंडू आला, उचल कुंडी, ठेव कपाटात. वारा सुटला, उचल कुंडी. "मावशी, कोणी पाडली तर?"

"अहो बाई, रोप आहे ते, तान्हं बाळ नाही!" पण ऐकतील तर शपथ.

शुक्रवारी मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. बाईंनी मुलांना पार भिंतीला टेकवून उभं केलं. कपाटातून कुंडी काढली, पान तोडलं, पण लक्ष सगळं काडेपेटीकडे. एकेक काडी पेटायची आणि विझायची. एकदाचा बर्नर पेटला. स्पिरिटची नळी गरम पाण्यात उभी केली, पान पांढरं पडलं, भडका काही उडाला नाही. सुटलो बाबा, म्हटलं. बाईंनी बर्नर विझवला आणि पानावर आयोडीन टाकलं.

पान तपकिरी झालं आणि तपकिरीच राहिलं.

मोठ्या बाई उठल्या. "राहू द्या बाई. सोमवारपासून..."

"पण बाई, कुंडी तर कपाटातच होती!" एक मुलगी मध्येच ओरडली. "काल तुम्हीच आत ठेवलीत. सारखी आतच तर होती!"

मी कपाळाला हात लावला. बाई त्या मुलीकडे बघतच राहिल्या. आता रडतात की काय, असं मला वाटलं. तर हसायला लागल्या.

"हो गं, मीच ठेवली. भीतीनं ठेवली. ऊन नाही, तर पिष्ट कुठून येणार? पान बरोबरच सांगतंय! जा, फाटकाजवळच्या झुडपाचं उन्हातलं पान आण. पळ!"

पान आलं. बाईंनी काडी ओढली, एका झटक्यात पेटवली. "वेण्या मागे घ्या गं," एवढंच म्हणाल्या. मुलं कधी टेबलाभोवती जमली ते कळलंही नाही. मधल्या सुट्टीची घंटा द्यायची मीच विसरले. पान निळंकाळं झालं तेव्हा काय तो गलका! मोठ्या बाई टाचा उंचावून बघत होत्या.

"सोमवारी कोणता प्रयोग घेताय?" त्यांनी विचारलं.

"चुंबकाचा," बाई पानावरची नजर न हलवता म्हणाल्या.

"बरं. मग विज्ञान तुमच्याकडेच राहू दे."

वर्ग रिकामा झाला तशा बाई पुढच्या बाकावर मटकन बसल्या.

"मावशी, दुसऱ्यांदा पेटवताना मी घाबरायचंच विसरले हो."

"मग चांगलंच झालं की!"

"चांगलं कसलं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुलं किती जवळ उभी होती, मावशी!"