सर्वांना वाचून दाखवले

"आणि हे आमचे ब्रदर," सर माईकवर म्हणाले. "वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्या यांनीच पालथ्या घातल्या. बायका आमच्याशी बोलत नाहीत, यांच्याशी बोलतात. नर्सच ना शेवटी, त्यांच्यातलेच!"

सभागृह हसलं. मीही हसलो. मग सर म्हणाले, "ब्रदर, पाहुण्यांच्या चहाचं जरा बघा."

मी उठलो. नर्सिंगमध्ये पीएचडी केलेला, पन्नाशीला आलेला माणूस. कप वाटले. सत्कार आमच्या शोधनिबंधाचा होता. देशोदेशीच्या अभ्यासकांनी त्याचा संदर्भ दिला म्हणून. पहिलं नाव सरांचं, ते डॉक्टर. वेल्ह्यातल्या गुंजवणे गावाकडे एकदाही न फिरकलेले. माझं नाव शेवटी.

एवढंच सांगून थांबलो असतो, तर माझं सोपं झालं असतं.

डोंगराकडच्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात का जात नाहीत, हा विषय. सगळं काम मुलाखतींचं. गुंजवण्याच्या एका मावशीनं भात झोडायचं सोडून मला सांगितलं होतं, "कळा चालू असताना शिस्टरनं मांडीवर चापट्या मारल्या. म्हणली, तवा गोड लागलं व्हय? दुसऱ्या येळंला म्या घरातच बाळंत झाले."

मी शब्दन् शब्द उतरवला. सरांनी खोडला. "स्टाफविरुद्ध कशाला?" त्या जागी आलं, बायकांचं अज्ञान आणि अनाठायी भीती. मी मान डोलावली.

त्याहून वाईट पुढं केलं. आमच्या कामात एक रीत आहे. लिहिलेलं ज्याचं त्याला परत वाचून दाखवायचं, होकार घ्यायचा. मी गेलोच नाही. घरी बसून लिहिलं, 'सर्वांना वाचून दाखवले, सर्वांनी मान्य केले.' हे वाक्य माझं. सरांनी सांगितलेलं नव्हतं.

सत्कारानंतरच्या रविवारी गुंजवण्याला गेलो. मिरवायला. लिहिताना लाज वाटते.

इंग्रजी निबंध पुढं धरला. मावशी म्हणाली, "वाच की मराठीतनं."

वाचत गेलो. 'अज्ञान' आलं तसं तिनं थांबवलं.

"हे म्या कवा म्हणले? आन मारल्यालं कुठंय?"

"सरांनी काढलं."

"आन तू? तू काय करत हुतास? मला अडाणी ठरीवलीस, लेका. ह्या सुनंला आठवा लागलाय. दवाखान्यातली बाई तिला म्हणती, तुमच्याकडच्या बायका अडाणीच, ट्रेनिंगला सांगितलंय, मोठ्या डॉक्टरनं ल्हिवलंय. आता ही तिकडं पाऊल टाकंना."

सून भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी न्हाई जायची."

दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभा राहिलो. "सर, दुरुस्ती पाठवू या."

"दुरुस्ती गेली की संदर्भ गेले, ब्रदर. तुमच्या बढतीची फाइल माझ्याच टेबलावर आहे. एका म्हातारीसाठी?"

"वाचून दाखवल्याचं मी खोटं लिहिलंय."

"मग गप्प बसा. ते खोटं तुमचं आहे, माझं नाही."

खरंच होतं. आयुष्यभर अशा वेळी मी 'हो सर' म्हणत आलो. त्या दिवशी म्हणालो, "नाही. मी पत्र पाठवणार." आणि जिथं मला कधी बसायलाही सांगितलं नव्हतं, त्या खोलीतून बाहेर पडलो.

निबंध छापणाऱ्या संपादकांना पत्र गेलं. पहिल्या ओळीत माझा खोटेपणा. दुसऱ्या ओळीत चापट्या, मावशीच्या शब्दांत. या वेळी ते तिला आधी ऐकवलं. तिनं दोन जागी मला दुरुस्त केलं. शाबासकी दिली नाही.

निबंध मागे घेतील. माझी चौकशी लागेल. लागू दे. सून अजून तयार नाही, आणि तिला काही झालं तर त्यात माझा हात असेल. ती दवाखान्यात आली, तर मी बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी उभा राहणार आहे. तिच्यावर हात उचलणारीचं नाव लिहिणार आहे. ते कुणालाही खोडू देणार नाही.