किल्ली की मोजा

घरात तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. सकाळी डोळे उघडले की सुरू व्हायची, ती झोप लागेपर्यंत. वडील खिडक्यांना काचा बसवायचं काम करत. ते म्हणायचे, "हिच्याजवळ बसून काच कापायची सोय नाही, ऐकता ऐकता माप चुकतं." ही मुलगी वाचा-उपचार शिकायला गेली, म्हणजे आजारपणात ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करायला, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. तिसऱ्या वर्षी विद्यापीठानं एका सत्रासाठी परदेशी पाठवायला वर्गातून दोघांची निवड केली. त्यात तिचा नंबर लागला.

तिथली भाषा ती चार महिने शिकून गेली होती. पण पुस्तकातली माणसं सावकाश, एकेक करून बोलतात. खरी माणसं तशी बोलत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळलं. दुकानातल्या बाईनं काहीतरी विचारलं, हिनं नुसती मान डोलावली, आणि एका दुधाच्या पिशवीऐवजी सहा गळ्यात पडल्या. पुढे आठवडाभर ती दूधच पीत होती.

विद्यापीठातले तास इंग्रजीत असत, तिथं कसंबसं निभायचं. खरी पंचाईत उपचार केंद्रात होती. पेशंटशी बोलायचं ते त्यांच्याच भाषेत, आणि इथं हिच्याच तोंडाला कुलूप. विभागप्रमुख मॅडमनी दोन दिवस पाहिलं आणि तिला मागच्या खोलीत नेलं. तिथं चित्रांची शेकडो कार्डं खोक्यांत कोंबलेली होती.

"ही लावून ठेव. घाई नाही," मॅडम म्हणाल्या.

ती तीन आठवडे कार्डं लावत बसली. चमच्यांत चमचे, छत्र्यांत छत्र्या. घरून फोन आला की म्हणायची, "छान चाललंय."

"एवढंच?" वडील म्हणाले. "अगं, आमचा रेडिओ बिघडला की काय?"

त्या फोननंतर मात्र तिला रडू आवरेना. परत जायचं तिकीट आधी करून मिळेल का, याचीही तिनं चौकशी केली.

त्याच आठवड्यात एक उपचारतज्ज्ञ आजारी पडली. मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "बसवाल्यांजवळ अर्धा तास बस. काही शिकवू नकोस. फक्त कार्डं दाखव."

हे बसवाले काका म्हणजे आडव्या हाडाचे, निवृत्त बस ड्रायव्हर. नऊ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, 'पुढे'. पाणी हवं तरी पुढे, राग आला तरी पुढे. आठवड्यातून दोनदा काकू त्यांना घेऊन यायच्या, आणि काका भिंतीकडे बघत बसायचे.

तिनं पहिलं कार्ड उचललं. त्यावर किल्लीचं चित्र होतं. तिथल्या भाषेत किल्ली आणि पायमोजा या शब्दांत एका स्वराचा फरक. तिनं घसा साफ केला आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाली, "मोजा."

काकांनी मान वळवली. कार्डाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, कार्ड ओढून फेकणार. पण काकांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. मग त्यांनी डाव्या हातानं कार्डावर टकटक केलं, ओठ आवळले, आणि बरीच खटपट करून म्हणाले, "कि... किल्ली."

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली.

पुढच्या वेळी तिनं शहाणपणा केला. मुद्दाम चुकायचं ठरवून आली. छत्री दाखवून 'टेबल' म्हणाली, घड्याळ दाखवून 'मासा'. काकांनी दोन कार्डं सहन केली आणि तिसरं टेबलावर पालथं टाकलं. उरलेला वेळ पुन्हा भिंत.

काकू दाराशी हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षं उतारू बघितलेत त्यांनी. नाटक लगेच ओळखतात."

ती खोलीवर गेली ती शरमेनं मान खाली घालून. मग तिच्या लक्षात आलं, तिला खरोखर न येणारे शब्द काय थोडे होते? तिनं वही काढली. कपडे धुण्याच्या मशीनवरची बटणं, इमारतीच्या दारावर लावलेली सूचना, बसच्या मार्गाचा तक्ता. पुढच्या खेपेला तिनं ती वही काकांसमोर ठेवली आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "काका, मला हे खरंच येत नाही. शिकवाल?"

काकांनी वही बराच वेळ न्याहाळली आणि खुर्ची पुढे सरकवली.

तिथून गाडी रुळावर आली, पण सुसाट धावली असं नाही. कधी एका शब्दावर दोघांनाही घाम फुटायचा. कधी कालचा शब्द आज गायब, मग काका टेबलावर मूठ आपटायचे आणि ती गप्प थांबायची. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाच्या वाक्याची वाट पाहायला शिकत होती. मॅडम अधूनमधून दारात उभ्या राहून काहीतरी टिपून घ्यायच्या. महिन्याभरानं त्यांनी तिला आणखी दोन पेशंट दिले, आणि मागच्या खोलीचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं.

एक दिवस काका दारातून आत येता येता मागे वळले आणि काकूंना नावानं हाक मारली. काकू तिथंच खुर्चीवर बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "धडधाकट होते तेव्हाही 'अगं'वर भागवायचे हो. लग्नानंतर नाव आजच ऐकतेय."

सत्र संपायला चार दिवस उरले होते, तेव्हा मॅडमच्या परवानगीनं तिघं काकांच्या जुन्या मार्गावरच्या बसमध्ये चढली. काका पहिल्या बाकावर बसून एकेक थांबा सांगू लागले. बाजार, शाळा, दवाखाना. नदीवरच्या पुलाशी मात्र अडकले. ओठ हलत होते, शब्द येईना. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थानं मदत म्हणून तोंड उघडलं. तिनं वळून हळूच सांगितलं, "थांबा ना. ते सांगतील." बस पुलाच्या मध्यावर आली तेव्हा काका म्हणाले, "पूल." आणि जरा दम घेऊन, "उतरणार कोण?"

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, जुन्या उस्तादाला ओळखलं आणि हॉर्न दिला.

काका पूर्ण बरे झाले नाहीत. ती परत निघाली तेव्हा त्यांच्याकडे साठेक शब्द होते आणि दोन-चार छोटी वाक्यं. पण भाजी आणायला ते आता एकटे जातात, असं काकूंनी पुढे कळवलं. ती आता एका सरकारी रुग्णालयात नोकरी करते. तिच्याकडे येणाऱ्या पेशंटचे नातेवाईक सुरुवातीला बुचकळ्यात पडतात. कारण पहिल्या दिवशी ही बाई शिकवत काहीच नाही. खुर्ची ओढून समोर बसते आणि विचारते, "तुम्ही काय काम करत होता? मला त्यातलं काही येत नाही."