लुक्कात आम्ही तिघं होतो म्हणे

वसईत वाढलेल्या माणसाला भुताच्या गोष्टींचं काय कौतुक? आमच्याकडे प्रत्येक चिंचेवर, प्रत्येक विहिरीवर कोणी ना कोणी बसलेलंच असायचं. मी त्या गोष्टी ऐकून खिदळणारी मुलगी होते आणि आज पन्नाशीतही तीच आहे. एका क्लिनिकमध्ये मेडिकल रेकॉर्ड्स सांभाळते... कागदावर नाही ते घडलंच नाही, असं मानणाऱ्यांतली. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच थोडा राग येतोय. तरी लिहिते.

आम्ही अबू धाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. माझा नवरा रॉबर्ट मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे. मुलगा केविन शारजाला हॉस्टेलवर. रॉबर्टच्या यार्डात एक इटालियन इंजिनिअर यायचा, तो त्याच्या मागेच लागला होता — "हबीबी, एकदा लुक्काला जा. गाडी नको. बूट फक्त चांगले घे."

इथे आपण चालतो कुठे? घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून मॉलमध्ये. गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही निघालो. इटलीत पीसापर्यंत विमान, पुढे अर्धा तास ट्रेन. लग्नानंतर फक्त आम्ही दोघंच असे पहिल्यांदाच कुठे जात होतो.

लुक्का लहानसं आहे. सगळ्या गावाभोवती तटबंदी, आणि ती इतकी रुंद की वर झाडं लावलीत, लोक सायकली चालवतात. आत दगडी गल्ल्या. आम्ही एका बाईंच्या घरी उतरलो होतो. वर खोली, खाली नाश्ता. बाई साठीच्या, इंग्रजी मोजकं पण कामापुरतं.

पहिल्या सकाळी खाली आलो तर टेबलावर तीन कप, तीन बशा.

"बाई स्वतः बसणार असतील आपल्याबरोबर," रॉबर्ट म्हणाला. बाई काही बसल्या नाहीत. तिसरा कप तसाच राहिला. आम्ही फिरायला बाहेर पडलो आणि विसरूनही गेलो.

दुसऱ्या दिवशी तिथला तो प्रसिद्ध मनोरा चढायला गेलो, ज्याच्या डोक्यावर ओकची झाडं आहेत. खिडकीतल्या मुलीने तीन तिकिटं पुढे सरकवली.

"टू," मी बोटं दाखवली.

तिने आमच्या मागे पाहिलं. "अँड शी?"

मी वळून पाहिलं. मागे रिकामा जिना. मुलीने खांदे उडवले आणि एक तिकीट परत घेतलं.

दोनशेच्या वर पायऱ्या. वर पोचेपर्यंत माझा श्वास भात्यासारखा चालला होता, पण झाडांखाली उभं राहून लाल कौलांचं ते गाव पाहिलं आणि सगळं विसरले. एका जर्मन गृहस्थांना फोटो काढायला सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यासमोर धरला, आम्हाला एकमेकांपासून थोडं लांब व्हायची खूण केली. आम्ही झालो. मग ते आमच्या मधल्या जागेकडे बघून हसत म्हणाले, "यू ऑल्सो, मिस. डोन्ट बी शाय."

मी हसले. वाटलं, कोणीतरी मागून फ्रेममध्ये आलं असेल. हसता हसता रॉबर्टकडे पाहिलं... त्याचा चेहरा पांढरा पडला होता. फोटो आजही माझ्याकडे आहे. त्यात आम्ही दोघंच आहोत, मधे एका माणसाची जागा सोडून.

आता जे लिहिते ते केविनलाही तोवर माहीत नव्हतं.

केविनच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. इथेच, अबू धाबीत. सातवा महिना होता. ती जन्मली तेव्हा श्वास नव्हता. मला खूप रक्तस्राव झाला, दोन दिवस शुद्ध नव्हती. मी डोळे उघडले तेव्हा कागद झाले होते, रॉबर्ट तिला पुरून आला होता. मी तिला पाहिलंच नाही. आणि नंतर बावीस वर्षं आम्ही दोघांनी घरात एकदाही तिचा विषय काढला नाही. का, ते विचारू नका. पहिलं वर्ष बोललो नाही, मग बोलणं जमेना. चर्चमध्ये बावीस वर्षांची एखादी मुलगी दिसली की मी तिच्याकडे बघत राहते आणि रॉबर्ट गाण्याच्या पुस्तकात बघतो. एवढंच.

आम्ही मनोरा उतरलो. रॉबर्ट नेहमीसारखा दहा पावलं पुढे. खाली आल्यावर तो म्हणाला, "कॉफी घेऊ या?"

"नको," मी म्हटलं. "मला घरी जायचंय. बाईंना विचारायचंय."

"काय विचारणार, स्टेला?"

"तीन कप का ठेवले ते."

बाई स्वयंपाकघरात बीन्स सोलत होत्या. मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळेना. पासपोर्ट दोन, हे त्यांना माहीत होतं. त्यांना वाटलं होतं, मुलगी इथेच कुठे शिकत असेल, आई-वडिलांना भेटायला आली असेल. पहिल्या सकाळी जिन्यात उभी होती. आम्ही नाश्ता करून बाहेर पडलो तशी मागोमाग गेली.

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. आणि... मला आजही याची लाज वाटत नाही... मी घाबरले नाही. मला भूक लागल्यासारखं झालं. मी त्या बाईंचे दोन्ही हात धरले, बीन्स जमिनीवर सांडल्या, आणि म्हटलं, "कशी होती? मला सांगा. कशी दिसत होती?"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या रॉबर्टकडे. काय समजल्या कोण जाणे. इंग्रजी पुरेना तेव्हा फोनवर इटालियनमध्ये बोलायच्या आणि भाषांतर मला दाखवायच्या. माझ्याएवढी उंच. सावळी. मोहरीच्या रंगाचा स्वेटर. केस दाट, तिने ते वर बांधले तेव्हा डाव्या कानामागे तपकिरी डाग दिसला, कॉफीच्या बीएवढा. नाक माझं.

मग त्यांनी अजून एक वाक्य बोलून फोन माझ्यापुढे धरला. 'ती हळू चालते. तुम्ही दोघं मागे वळून बघत नाही.'

दाराशी आवाज झाला. रॉबर्ट चौकट धरून खाली बसला होता. पंचावन्न वर्षांचा माणूस, उन्हातान्हात यार्डात उभा राहणारा.

"होता गं," तो म्हणाला. "डाग होता. डाव्या कानामागे. मी पाहिला होता."

त्या दुपारी आम्ही तटबंदीवर गेलो. एका बाकावर बसलो ते ऊन कलेपर्यंत उठलो नाही. त्याने सगळं सांगितलं. नर्सने तिला हिरव्या कपड्यात गुंडाळून दिलं होतं. केस ओले होते आणि खूप होते. नखं पूर्ण आली होती. त्याने नळाच्या पाण्यात बोट बुडवून तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि तिला नाव ठेवलं. हो, नाव! मला बावीस वर्षांनी कळलं की माझ्या मुलीला नाव आहे. ते मी इथे लिहिणार नाही. ते आमच्या घरातलं आहे.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू विचारशील तेव्हा सांगीन, असं ठरवलं होतं. तू विचारलंच नाहीस."

"मी थांबले होते रॉबर्ट. तू सांगशील म्हणून."

समोरून सायकली जात होत्या. आम्ही एकमेकांचा हात धरून भर रस्त्यात रडत होतो आणि मला कोणाचीही पर्वा नव्हती.

उरलेले दोन दिवस आम्ही हळू चाललो. खूप हळू. रॉबर्ट पुढे गेला नाही. प्रत्येक कोपऱ्यावर आम्ही दोघंही थांबून मागे बघायचो... धुतलेले कपडे, कोणाची तरी मांजर, रिकामी गल्ली. चर्चमध्ये गेलो तेव्हा बाकावर एक जागा सोडून बसलो. पण त्यानंतर आम्हाला कोणी तीन मोजलं नाही. जणू ओळख पटली आणि तिचं काम झालं. की आम्हीच तिला घाबरवलं?

परत आल्यावर केविनला बसवून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ममा, मेबी देअर वॉज सम अदर गर्ल. टूरिस्ट प्लेस आहे." बरोबर आहे त्याचं. तिकीटवालीने आणि त्या जर्मन माणसाने कोणा दुसऱ्याच मुलीला पाहिलं असेल. बाईंचाही घोटाळा झाला असेल. पण कानामागच्या डागाचं काय? जगात तो फक्त रॉबर्टला माहीत होता. मुसफ्फाच्या चर्चमधल्या फादरांनाही विचारलं. त्यांनी मिस्सात तिचं नाव घेतलं. भर गर्दीत, मोठ्याने. रॉबर्टने माझा खांदा घट्ट धरला होता.

एक वर्ष होऊन गेलं. याचं उत्तर कोणाकडे असेल तर जरूर लिहा, पण खरं सांगू? मला उत्तराची घाई नाही. मला सलतं ते वेगळंच आहे.

लुक्काहून निघताना बाई आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. ट्रेनची वेळ झाली होती, रॉबर्ट बॅगा ओढत होता. बाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "युवर डॉटर, व्हेरी पोलाइट. पहिल्या दिवशी मी जिन्यात तिला वाट दिली, तर मला थँक यू म्हणाली."

मी मान हलवली आणि निघाले. स्टेशन गेलं, शेतं सुरू झाली, आणि मग माझ्या लक्षात आलं.

थँक यू म्हणाली. म्हणजे बोलली.

आवाज कसा होता, हे मी विचारलंच नाही.